जप करायचा की मोर्चाला जायचं? साधना आणि सामाजिक न्याय यांचं नातं

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्रीच्या गोष्टी मुंबईत अजून सांगितल्या जातात. अडकलेल्यांसाठी गुरुद्वारे, मशिदी, देवळं, चर्च उघडी राहिली. ओळख ना पाळख, अशा लोकांनी भिजलेल्यांना घरात घेतलं, चहा दिला, कोरडे कपडे दिले. कुणी कुणाची जात विचारली नाही.

मग पाणी ओसरलं आणि मिठी नदीचा प्रश्न मागे उरला. विहार आणि पवई तलावांचं पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी जागोजागी अडवली, वळवली गेली होती. विमानतळाच्या धावपट्टीपाशी तिचा मार्ग बदलला होता, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिच्या काठच्या पाणथळीत भराव पडला होता. दोषाचं बोट मात्र सगळ्यात आधी काठावरच्या झोपड्यांकडे वळलं. पुराच्या रात्री ज्या लोकांना आपण खिचडी वाढली, त्यांचं घर तिथे का आहे आणि ते पुढच्या पावसाळ्यातही का बुडणार, हे विचारायला आपल्यातले फार थोडे थांबले.

तेव्हापासून पूर, दरड, करोना, काहीही आलं की भजनी मंडळातली, ध्यानवर्गातली, सत्संगातली माणसं एक प्रश्न विचारताना मला भेटतात. आम्ही देवाचं करतो, गरजेला धावूनही जातो. मग हे हक्क, न्याय, आंदोलन आमचं काम आहे का? चळवळीतल्या मित्रांचा प्रश्न नेमका उलटा असतो. माणसं रस्त्यावर असताना डोळे मिटून बसणाऱ्यांचा आम्हाला काय उपयोग? दोन्ही प्रश्न मनापासूनचे आहेत, म्हणून नीट उत्तर द्यायला हवं.

आधी तीन शब्द

साधना म्हणजे नेमाने केलेला सराव. जप, ध्यान, नमाज, उपास, वारी, भजन, मौन यांतलं काहीही; आज मन लागलं नाही तरी उद्या पुन्हा बसायचं, एवढीच अट.

सेवा म्हणजे समोरच्याचं दुःख आत्ता, या क्षणी हलकं करणं.

सामाजिक न्याय म्हणजे तेच दुःख पुन्हापुन्हा त्याच माणसांच्या वाट्याला का येतं, हे शोधून ती घडी बदलणं. मॅनहोलमध्ये गुदमरून सफाई कामगार मरतो तेव्हा त्याच्या घरी धान्य पोचवणं ही सेवा. माणसाला गटारात उतरवून धोकादायक सफाई करून घ्यायला बंदी घालणारा २०१३चा कायदा आपल्या गल्लीत पाळला जातो का, कंत्राटदार कोण, यंत्र का आलं नाही, हे विचारणं न्यायाचं काम.

मुंबईत साधना भरपूर आहे आणि सेवेला तर तोड नाही. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवलं. अडतं ते सेवेपासून न्यायाकडे जाताना. साधनेचा खरा उपयोग या अवघड टप्प्यावर होतो, असं मला वाटतं.

६ एप्रिल १९१९: चौपाटीवरचं स्नान

रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पुकारला गेला त्या दिवशी मुंबईकर सकाळीच हजारोंनी चौपाटीवर जमले, समुद्रात स्नान केलं आणि मिरवणुकीने ठाकूरद्वारला निघाले. हाक उपासाची आणि प्रार्थनेची होती. मिरवणुकीत बायका-मुलं होती, मुसलमानही मोठ्या संख्येने होते. ठाकूरद्वारहून गांधीजी आणि सरोजिनी नायडूंना जवळच्या मशिदीत नेण्यात आलं आणि तिथे दोघांची भाषणं झाली. स्नान, उपास, देऊळ, मशीद आणि एका अन्यायी कायद्याला जाहीर नकार, असं सगळं एका सकाळी या शहराने पाहिलं.

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरच्या दोन आठवड्यांत घडलेलं. दिल्लीकडे निघालेल्या गांधीजींना वाटेत अटक झाली, परत मुंबईला आणून सोडण्यात आलं. पायधुणीला जमलेल्या गर्दीवर घोडेस्वार पोलीस घातले गेले. अहमदाबादेत आणि विरमगामला जाळपोळ झाली, माणसं मारली गेली. गांधीजींनी तीन दिवसांचा उपवास केला, १८ एप्रिलला सत्याग्रह स्थगित केला आणि आपला अंदाज हिमालयाएवढा चुकल्याचं जाहीरपणे मान्य केलं. लोकांची तयारी नसताना आपण त्यांना कायदेभंगाची हाक दिली, हे त्यांचं निदान होतं. त्यानंतर ते मुंबईत बसून स्वयंसेवक तयार करण्याच्या आणि सत्याग्रह समजावणारी पत्रकं काढण्याच्या कामाला लागले. म्हणजे एक दिवसाचा उपास पुरला नव्हता. रागाच्या क्षणी हात आवरण्याची सवय आधीच लागलेली असावी लागते, आणि ती एका सकाळच्या स्नानाने लागत नाही.

मग साधना नेमकं काय करते?

गोविंदा पथकं बघा. दहीहंडी गोकुळाष्टमीनंतरच्या दिवशी, पण अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. खालच्या थरातला माणूस वर बघत नाही. खांद्यावरचं ओझं हललं तरी आपण हलायचं नाही, हे तो त्या सगळ्या रात्रींत शिकलेला असतो. हंडीच्या दिवशी पाण्याचा मारा होत असताना हे शिकता येत नाही.

साधना हा तो सराव आहे. पोलीस दरडावतो, अधिकारी तासन्‌तास ताटकळत ठेवतो, आपल्याच गटातला माणूस फुटतो, चार वर्षं झाली तरी निकाल लागत नाही, अशा वेळी द्वेष न करता आणि माघारही न घेता उभं राहण्याची ताकद लागते. ती भाषणं ऐकून येत नाही.

मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते, गांधीजी जिथे उतरत त्याच घरात. चार वर्षांनी, १९६३ मध्ये, अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्ध लढा उभा राहिला. त्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला एका प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे. त्यातलं पहिलं कलम मोर्च्याबद्दल नव्हतं. रोज येशूच्या शिकवणुकीवर आणि जीवनावर ध्यान करीन, असं ते होतं. पुढच्या कलमात चळवळ विजयासाठी नसून न्याय आणि समेटासाठी आहे हे लक्षात ठेवण्याचं वचन होतं. कुत्रे आणि पाण्याचे फवारे अंगावर येणार हे ठाऊक असलेल्या माणसांनी आधी यावर सह्या केल्या.

“पण संतांनी तरी जात कुठे मोडली?”

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि तो बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण आयोजकांनी परिषदच रद्द केल्यामुळे न झालेल्या १९३६च्या भाषणावर गांधीजींनी टीका केली. तिला दिलेल्या उत्तरात त्यांचा मुद्दा स्पष्ट आहे. देवापुढे सगळे सारखे, हे संतांनी सांगितलं. माणूस माणसापुढे सारखा असावा यासाठी जातिव्यवस्थेविरुद्ध मोहीम काढली नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात एकमेकांच्या पाया पडायचं आणि गावात परतल्यावर पाणवठे वेगळे, याने काय साधलं?

याला झटकन उत्तर देऊन मोकळं होऊ नये. चोखोबांच्या घरातच या प्रश्नाची धग दिसते. चोखोबा आपल्या वाट्याला आलेल्या हीनपणाचा संबंध पूर्वकर्माशी लावताना दिसतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा देवालाच जाब विचारतो, आणि त्यांच्या पत्नी सोयराबाई विटाळाच्या कल्पनेलाच हात घालतात. एकाच कुटुंबात, एकाच विठ्ठलाच्या भक्तीतून सोसणंही आलं आणि सवालही आला. दुसरीकडे देहूची परंपरा सांगते की सतराव्या शतकातल्या भीषण दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. भुकेल्याला घास देणं ही सेवा झाली असती. कर्जदारांच्या मानेवरचा कागदच नाहीसा करणं ही त्यापुढची पायरी, आणि त्यासाठी त्यांना स्वतःचा हक्क सोडावा लागला.

जॉन वेलवूड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात एका सवयीला नाव दिलं. आपण तिला अध्यात्माची पळवाट म्हणू. अवघड प्रश्न, राग, अपराधी भाव यांना सामोरं जायचं टाळण्यासाठी अध्यात्माचा आडोसा घेणं, म्हणजे ही पळवाट. “ज्याचं त्याचं कर्म”, “सगळी त्याची इच्छा”, “मन शांत ठेवा, जग बदलेल” ही वाक्यं स्वतःच्या दुःखात धीर देतात. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल, तेही आपण कोरड्या मजल्यावर उभं राहून बोललो, तर तीच क्रूर होतात.

बाबासाहेबांनी स्वतः मात्र धर्माला रामराम ठोकला नाही. ३ ऑक्टोबर १९५४च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपली तत्त्वं फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून आली आहेत. त्यांनी लिहिलेल्या बुद्धचरित्रात सिद्धार्थ म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्धाची वेळ येते, तो युद्धाला विरोध करतो आणि त्याची किंमत म्हणून गृहत्याग करतो. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलेल्या माणसाने बुद्धाची गोष्ट पाण्याच्या भांडणापासून सांगितली, हे मला फार मोलाचं वाटतं. दुःख कुठून येतं हे विचारताना ते फक्त आपल्या मनात शोधायचं नाही, नदीचं पाणी कोण अडवतंय तिथेही शोधायचं, असा हा धम्म आहे.

उपास कुणाला झळ लावतो?

साधना आणि संघर्ष एकत्र आले की ते आपोआप पवित्र होत नाहीत. उपासाचीच दोन रूपं बघू.

सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात अस्पृश्यांनी आपले प्रतिनिधी स्वतःच निवडण्याच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषण केलं. त्याने सवर्णांची मनं हलली, काही देवळं उघडली हे खरं. पण ते मतदारसंघ सोडणाऱ्या पुणे करारावर सही करण्याचं अखेरचं ओझं बाबासाहेबांवर पडलं. गांधीजींच्या जिवाला काही झालं असतं तर देशभरच्या दलितांवर राग निघाला असता. दुबळ्या बाजूने हक्क सोडावा म्हणून हा दबाव आला, असं आंबेडकरी समाज आजही म्हणतो, आणि मला ते पटतं.

पंधरा वर्षांनी साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून महिनोन्‌महिने महाराष्ट्र पिंजून काढला आणि १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. काही दिवसांनी ते सुटलं, मंदिराची दारं उघडली. इथे सवर्ण घरात जन्मलेला माणूस आपल्याच समाजाच्या सदसद्विवेकावर धडका देत होता. दाराबाहेर उभ्या असलेल्यांकडून तो काहीच मागत नव्हता.

त्यामुळे कुठलाही उपास, प्रार्थनासभा, दिंडी आंदोलनात उतरते तेव्हा मी आधी हे बघते की तिची झळ कुणाला बसतेय. बलवानाला, स्वतःला, की आधीच दबलेल्याला.

“देव रस्त्यावर आणला की दंगल होते”

मुंबईकराला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलीत ९०० माणसं मेल्याची नोंद आहे. त्या काळात रस्त्यांवर झालेल्या महाआरत्यांनी तणाव वाढल्याचं श्रीकृष्ण आयोगाच्या चौकशीत पुढे आलं. आरती तीच, टाळ तेच, पण तो धर्म शेजाऱ्याला धाक दाखवायला वापरला गेला. म्हणून “राजकारण आणि देव वेगळे ठेवा” म्हणणाऱ्याची भीती मी हलकी समजत नाही.

पण ते दोन्ही वेगळे ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण द्वेषाचं काम करणारे ते वेगळे ठेवतच नाहीत. दंगलीनंतर शहरात मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. ज्युलिओ रिबेरोंसारखे निवृत्त पोलीस अधिकारी आणि वस्त्यांमधले साधे हिंदू-मुसलमान रहिवासी नियमित एकत्र बसू लागले. अफवा आली की फोन कुणी कुणाला करायचा, सणाच्या मिरवणुकीसोबत कोण चालणार, असली बारीक कामं. त्यात चमत्कार नव्हता. शांतता असतानाही भेटत राहणं होतं, आणि मी त्याला साधनाच म्हणते.

“लोक बुडतायत आणि तुम्ही ध्यानाला बसताय?”

व्हिएतनामी भिक्षू थिच न्यात हान्ह यांच्यापुढे हा प्रश्न युद्धाच्या रूपात होता. मठात बसायचं की बॉम्ब पडलेल्या गावात जायचं? १९६०च्या दशकात त्यांनी तरुणांची सेवासंस्था उभारली. ही मुलं उद्ध्वस्त गावं पुन्हा बांधत, पुन्हा बॉम्ब पडले की पुन्हा बांधत. त्यांच्यातले काही मारले गेले. आणि या धकाधकीतही आठवड्यातला एक दिवस थांबायचं, सावकाश, सजगपणे घालवायचा, असा त्यांचा आग्रह होता. अशा कृतिशील बौद्ध साधनेला जगभर एंगेज्ड बुद्धिझम म्हणून ओळखतात. न थांबणारा कार्यकर्ता काही महिन्यांत मोडतो किंवा कडवट होतो, आणि मग त्याच्या हातून मदत घेणाऱ्यालाही तो कडवटपणा मिळतो.

आठवड्याचा एक दिवस म्हटलं की मला आपल्या गिरणगावाची आठवण होते. गिरण्यांमध्ये सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम असे आणि साप्ताहिक सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि वर्षानुवर्षं रविवारची सुट्टी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही मुद्दा त्यांनी मांडल्याचं सांगतात. १० जून १८९०ला सुट्टी मान्य झाली. देवदर्शनाला, मुलांशी बोलायला, समाजाचं काम करायला कामगाराला मोकळा दिवस हवा, आणि तो त्याला भांडून मिळवावा लागला. आज ध्यानशिबिराला दहा दिवस देऊ शकणाऱ्याने आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना महिन्यात किती सुट्ट्या मिळतात, हे जरूर बघावं. लोखंडे पुढे १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी झटताना गेले. त्याच साथीत, त्याच वर्षी, पुण्यात सावित्रीबाईही गेल्या.

देव न मानणाऱ्याने काय करावं?

काहीच अडत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन बघा. समुद्राच्या बाजूने तासन्‌तास रांग, ओठांवर त्रिशरण-पंचशील, आणि शिवाजी पार्कात पुस्तकांच्या दुकानांवर तेवढीच गर्दी. गावाकडून उपाशीतापाशी आलेला माणूस परतताना पुस्तक घेऊन जातो. यात ईश्वर कुठेही नाही, साधना मात्र पुरेपूर आहे. कुणी संविधानाची उद्देशिका रोज वाचेल, कुणी नुसतं मौन पाळेल.

आपल्या वॉर्डात हे कसं करायचं?

गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात झाडू घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते सांगण्यापेक्षा विचारत जास्त: कर्ज काढून सण का करता, पोरांना शाळेत का घालत नाही? दादरची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेल्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. झाडू, प्रश्न आणि छप्पर, एवढ्यावर त्यांचं काम उभं होतं.

तुमचं भजनी मंडळ, ध्यानगट, जमात, पॅरिश, काही असेल तर वेगळी संघटना काढू नका. आहे त्याच बैठकीचा शेवटचा अर्धा तास एका स्थानिक प्रश्नाला द्या. एकाच. नालेसफाई घ्या. पण तो प्रश्न तुम्ही निवडण्याआधी नाल्याकाठी राहणाऱ्या बायकांकडे जा, त्यांना काय सगळ्यात जास्त छळतं ते ऐका. त्यांनी गाळाऐवजी शौचालयाचं नाव घेतलं तर शौचालय घ्या. त्यांच्यातल्या दोघी-तिघी बैठकीला येतील अशी वेळ ठेवा. बहुतेक घरकाम करणाऱ्या असतात, त्यामुळे सकाळ जमणार नाही.

मग माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कंत्राट कुणाला, किती गाळ काढायचा ठरलं, किती काढला, तो टाकला कुठे, कामगारांना गमबूट आणि हातमोजे दिल्याची नोंद कुठे आहे, हे विचारा. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. वॉर्ड ऑफिसात जाताना चौघांनी जा आणि निघण्यापूर्वी पाच मिनिटं गप्प बसा. आत साहेब चढ्या आवाजात बोलले तर कोण उत्तर देणार हे तेव्हाच ठरवा. परत आल्यावर पुन्हा बसा. कुणाचा पारा चढला, कुणाला बोलूच दिलं नाही, हे एकमेकांना सांगा.

पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई ३१ मेपर्यंत संपवायची असते. त्यामुळे पहिला अर्ज फेब्रुवारीतच टाका. मे महिन्यात टाकलात तर उत्तर हातात पडेपर्यंत पाणी घरात शिरलेलं असेल.